थंड पाण्याचा रंग

रंगारीणबाईच्या नाकावर माशी बसायची हिंमत करत नसे, आणि बसलीच तर निळी होऊन उठे, असं गल्लीतले लोक म्हणत. शिक्षण म्हणाल तर सहीपुरतं. बाकी सगळा कारभार जिभेवर चालायचा. नवरा गेला तेव्हा तिने रंगाचा कारखाना एकटीने ओढला. थोरला मुलगा गेला तेव्हा थोरल्या सुनेला हाताशी धरून ओढला. आणि धाकट्याला शिकवून शिकवून इतका पुढे धाडला की तो विद्यापीठात संशोधक होऊन बसला.

कारखाना म्हणजे काय, तर मागचं अंगण, वर पत्रा, खाली हौद, कडेला दोन मोठ्या चुली आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्याच दोऱ्या. रंगाचं काम दिसायला सुंदर आणि करायला जळकं. पाणी उकळायचं, रंग सोडायचा, कापड बुडवायचं आणि रंग धरेपर्यंत दांडक्याने ढवळत राहायचं. थोरलीच्या हातांवर कोपरापर्यंत चट्टे होते. "दागिने घालायची हौस नाही मला," थोरली म्हणे, "हेच पुरे."

धाकट्याने हे चट्टे रोज बघितले होते. प्रयोगशाळेत खपून खपून त्याने एक औषध काढलं, आणि तेही जिवंत. थंड पाण्यात सोडलं की रंग आपोआप कापडाला धरायचा. उकळायला नको, ढवळायला नको. विरजणासारखंच होतं ते. आजच्या हौदातलं मडकंभर राखून ठेवायचं, त्याला मूठभर पीठ खाऊ घालायचं आणि उद्याच्या हौदात सोडायचं. काचेच्या बरणीतून पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा तो म्हणाला, "आई, बघ तरी, तुझ्या हौदात जगतंय का."

जगलं. चुली विझल्या, सरपण संपलं ते कुणी पुन्हा भरलं नाही, थोरलीच्या हातांवर नवी कातडी आली. बाईच्या तोंडाला मात्र झाकण राहिलं नाही. ओल्या कापडाची लांब पट्टी रस्त्याकडेच्या दारात लटकवून ती येणाऱ्याजाणाऱ्याला बोलवायची, "घासून बघा. साबण लावून बघा. दगडावर आपटा. माझ्या धाकट्याचं औषध आहे, रंग गेला तर कापड फुकट न्या!" विद्यापीठाने नवं सभागृह बांधलं, तेव्हा धाकट्याने शब्द टाकून तिथल्या पडद्यांचं काम मिळवून दिलं. ते एवढाले गर्द निळे पडदेही याच थंड हौदातून निघाले.

हे सगळं झालं तेव्हा औषधावर कुणाचाच हक्क नोंदलेला नव्हता. तो पुढे नोंदला, विद्यापीठाच्या नावाने. कारण प्रयोगशाळा त्यांची आणि पगारही त्यांचा. विद्यापीठात त्यासाठी वेगळं कार्यालयच आहे. मास्तरलोकांनी काही नवं काढलं की ते कार्यालय पेटंट घेतं आणि मग कुठल्यातरी कंपनीला ते वापरायला देतं. त्या कार्यालयाने धाकट्याला विचारलं, "हे बाहेर कुठे वापरलंय? कुणाला दाखवलंय?" धाकटा म्हणाला, नाही, आणि तसं लिहूनही दिलं. त्याच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. आईचा हौद म्हणजे बाहेर, हे त्याच्या डोक्यातच शिरलं नाही. घरात केलेलं कुणी बाहेर धरतं का?

पेटंट मिळालं. एका मोठ्या कंपनीने करार केला की हे औषध आम्हीच बनवू, आम्हीच विकू, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. धाकट्याचा फोटो विद्यापीठाच्या पत्रिकेत छापून आला. बाईने तो कापून रंगाच्या डब्यांवर चिकटवला.

मग एक दिवस कंपनीचा माणूस दारात उभा राहिला. कडक इस्त्रीचा शर्ट, गोड आवाज.

"मावशी, तुम्ही आमचं औषध वापरताय."

"तुमचं? याचं बाळंतपण तुम्ही केलंत होय?"

माणसाने कागद पुढे केला. थोरलीने वाचून दाखवला. वापर बंद करा, आहे तो साठा नष्ट करा, नाहीतर कोर्ट.

"बरं, विकत द्या मग," बाई म्हणाली.

"देऊ की. पण टँकरने घ्यावं लागेल. आमची गिऱ्हाइकं म्हणजे गिरण्या."

"टँकर ओतू कुठे, तुमच्या डोक्यावर?"

थोरलीने धाकट्याला फोन लावला. तो पलीकडून एवढंच म्हणाला, "आई, आत्ता ओतून टाक. वाद घालू नकोस. मी बघतो नंतर."

हौद गटारात रिकामे झाले. गल्लीतलं पाणी निळंशार वाहिलं. माणसाने फोटो काढले आणि जाता जाता सहज विचारलं, "आणखी कुठे ठेवलंय थोडंबहुत?"

थोरलीने मान खाली घातली. फळीवर, पिठाच्या डब्यामागे राखणीचं मडकं होतं. तेवढं राहिलं असतं तर पुढेमागे सगळं पुन्हा उभं करता आलं असतं. पण बाईला तो प्रश्न झोंबला. तिने स्वतःच्या हाताने मडकं खाली काढलं आणि त्याच्या इस्त्रीसमोर पालथं केलं.

"लपवून ठेवायची रीत नाही आमच्या घरात. लिहा, मडकंसुद्धा ओतलं म्हणून."

तो गेल्यावर थोरली म्हणाली, "आई, एवढं तरी..."

"एवढं तरी काय? चोरून जगायचं?"

थोरली गप्प बसली. ती नेहमीच गप्प बसायची, म्हणून ते घर चाललं होतं.

चुली पुन्हा पेटल्या. पण हात विसरले होते. उकळत्या भांड्याची कड कुठे धरायची, वाफ आली की मान कशी वळवायची, हे अंगात असतं तोवर असतं. एका दुपारी थोरलीच्या हातून फडकं निसटलं, भांडं कलंडलं आणि उजवा हात बोटांपासून कोपरापर्यंत उकळत्या लाल रंगात गेला. बाईने तिला ओढून टाकीच्या पाण्याखाली धरलं. तेव्हा रंग कुठला आणि कातडी कुठली ते कळेना. थोरली ओरडली नाही. दातावर दात धरून म्हणाली, "आई, रंग वाया गेला हो सगळा."

दवाखान्यातल्या डॉक्टरने सांगितलं की हात राहील, पण दोन बोटं सरळ होणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी बाई विद्यापीठात गेली. धाकट्याकडे गेली नाही. सरळ त्या पेटंटच्या कार्यालयात गेली. काचेचं दार, कोपऱ्यात पाण्याचं यंत्र, भिंतीवर शोध लावणाऱ्यांचे हसरे फोटो. टेबलामागे तिशीतली एक मुलगी होती. कपाळावर आठ्या, पण आवाज मऊ. कंपन्यांशी करार करण्याचं काम तिचं.

"बसा आजी."

"आजी तुमच्या घरी. मला बाई म्हणतात."

"बसा बाई," मुलगी म्हणाली. न रागावता म्हणाली, हे बाईच्या लक्षात आलं.

बाईने हौदापासून दवाखान्यापर्यंत सगळं सांगितलं. मुलीने मध्ये तोंड घातलं नाही. मग म्हणाली, "तुमच्या मुलाने तेव्हाच सांगितलं असतं ना, की आईचा छोटा कारखाना आहे, तर मी करारात एक ओळ घातली असती. छोट्या रंगाऱ्यांना मोकळीक म्हणून. कंपनीने मानलंही असतं. आता सही झाली. आता त्यांच्या मर्जीशिवाय मला काही करता येत नाही."

"म्हणजे पोर आमचं, आणि अंगाखांद्यावर घ्यायला कंपनीची परवानगी?"

"तसंच काहीसं."

"अहो, पण तुमच्या कंपनीचा जन्म व्हायच्या आधीपासून वापरतेय मी! तुम्ही हक्क नोंदवलात त्याच्या दोन वर्षं आधीपासून. अख्ख्या रस्त्याला दाखवलंय!"

मुलीचा हात टेबलावर होता तिथेच थांबला. ती उठली आणि काचेचं दार लावून आली.

"बाई, हे आणखी कुणाला बोललात?"

"विचारा कुणाला नाही बोलले."

"मग ऐका. नीट ऐका. हक्क नोंदवायच्या आधी एखादी गोष्ट उघडपणे धंद्यात वापरली गेली असेल, तर तिच्यावर पेटंट मिळत नाही. मिळालं असलं तरी टिकत नाही. आणि तुमच्या मुलाने आम्हाला लेखी दिलंय की बाहेर कुठेही वापरलेलं नाही. हे बाहेर आलं तर पेटंट जाईल, करार जाईल, आणि तो खोटं बोलला असं ठरेल."

"तो खोटं नाही बोलला. त्याला कळलं नाही."

"मला पटतंय. पण चौकशी करणाऱ्यांना ते पटवायला मी नसेन."

बाई आयुष्यात पहिल्यांदा उत्तर न देता कुठूनतरी उठली. आपलेच दात आणि आपलेच ओठ. चावावं तरी कुणाला?

संध्याकाळी धाकटा घरी आला. कार्यालयातल्या त्या करारवाल्या मुलीने त्याला बोलावून घेतलं होतं. चेहरा धुतलेल्या चिंधीसारखा झाला होता. थोरलीच्या हाताकडे त्याने एकदा बघितलं आणि मग बघितलंच नाही.

"आई, एक मार्ग आहे," तो म्हणाला. "कंपनीला गाजावाजा नकोय. पेटंट मिळाल्यानंतर तू वापरायला सुरुवात केलीस, एवढं लिहून दे. त्या बदल्यात ते तुला दर महिन्याला पिंपभर औषध देतील. करारवालीने घासाघीस करून कबूल करून घेतलंय. माझीही नोकरी राहील. फक्त तारीख पुढची सांगायची, बस्स."

"आणि तू तेव्हाच का नाही सांगितलंस त्यांना? माझ्या आईचा कारखाना आहे म्हणून?"

"सुरुवातीला सुचलं नाही."

"आणि नंतर सुचलं तेव्हा?"

तो दोरीवरच्या कापडाचं टोक चाचपू लागला.

"लाज वाटली? सगळ्यांच्या आया डॉक्टरीण, मास्तरीण, आणि तुझी हौदात पाय घालून उभी?"

"भीती वाटली गं," तो म्हणाला. "तोपर्यंत सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या."

लाज वाटली नाही, असं काही तो म्हणाला नाही. बाईने ते टिपलं आणि गिळलं. आतून थोरलीचा आवाज आला, "आई, हो म्हणा ना. तारखेने कुणाचं पोट दुखतंय?"

"बरं," बाई म्हणाली. "सांगते पुढची तारीख. तुझ्यासाठी जिभेला गाठ मारते. पण एकदाच."

धाकट्याने तिचे पाय धरले. तिने ते ओढून घेतले. "ऊठ, विद्यापीठातले लोक असं करत नाहीत."

बैठक विद्यापीठाच्या त्या नव्या सभागृहातच ठेवली होती, कारण दुसरी खोली रिकामी नव्हती. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या. एका बाजूला कंपनीचा वकील, दुसऱ्या बाजूला करारवाली आणि धाकटा. थोरली गळ्यात हात अडकवून बाईच्या शेजारी बसली. बाईने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं आणि ओठ मिटून घेतले होते.

सगळं सुरळीत चाललं. कधी सुरू केलंत? पेटंटनंतर. आता बंद आहे? बंद आहे. वकिलाने कागद काढला आणि रिवाजाप्रमाणे मोठ्याने वाचला. "...सदर औषध मी माझ्या मुलाच्या प्रयोगशाळेतून, त्याच्या नकळत व परवानगीवाचून नेले, याबद्दल मी दिलगीर आहे..."

"थांबा," बाई म्हणाली. "नकळत नेलं?"

"म्हणजे तुमचा मुलगा सुटतो त्यातून," वकील म्हणाला. "त्याने दिलं असं लिहिलं तर त्याच्यावर येईल."

"आई, शब्द आहेत नुसते," धाकटा हळूच म्हणाला.

थोरलीने टेबलाखालून डाव्या हाताने तिची मांडी दाबली. बाईने पेन उचललं. त्या क्षणी ती खरंच सही करणार होती. पेनाचं टोक कागदाला टेकलंही होतं. पण वकील स्वभावाने चांगला होता, म्हातारीला अवघड वाटू नये म्हणून तो हसून बोलला, "मनाला लावून घेऊ नका, मावशी. छोट्या धंद्यात असं होतंच. पोराच्या खिशातलं आपलंच वाटतं, हात जातो. आम्ही काही पोलिसात देणार नाही."

बाईने पेन खाली ठेवलं.

"हात जातो?" ती म्हणाली. "माझा? या हाताने गिऱ्हाइकाच्या कापडातली चिंधी ठेवून घेतली नाही कधी. तुम्ही कुठे बसलाय ठाऊक आहे? मागे वळून बघा. बघा! ते पडदे माझे आहेत. थंड हौदात रंगवलेत, याच औषधात, यानेच आणून दिलं होतं, माझ्या दारात, माझ्या हातात. बाहेरच्या दगडावर उद्घाटनाची तारीख कोरलीय, ती तुमच्या पेटंटच्या आधीची की नंतरची ते जाऊन वाचा. दोरा काढून न्या आणि तपासा. आणि मग कोण कुणाच्या खिशात हात घालतंय ते मला सांगा!"

वकिलाने मान वळवून पडद्यांकडे बघितलं. आता त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं आणि त्याचं काम सुरू झालं होतं. करारवालीने डोळे मिटून घेतले. धाकटा आईकडे बघत नव्हता, पडद्यांकडेही नाही. टेबलावर बाटलीच्या पाण्याचा एक गोल ओला डाग पडला होता, त्याच्याकडे बघत होता.

थोरलीने मांडीवरचा हात काढून घेतला.

दोरे तपासले गेले. दगडावरची तारीख वाचली गेली. पेटंट गेलं, त्यापाठोपाठ करार गेला, आणि कंपनीने दिलेलं सगळं विद्यापीठाला परत करावं लागलं. धाकट्यावर चौकशी बसली. काढून टाकायच्या आधीच त्याने राजीनामा दिला. कपडे न्यायला तो घरी आला तेव्हा बाई उंबऱ्यात बसली होती.

"मी तुला चोर हो म्हणालो नव्हतो," तो म्हणाला. "नुसतं गप्प बस म्हणालो होतो. आई म्हणून."

"आईने गप्प बसायचं असतं हे कुठल्या वर्गात शिकवतात?"

बोलून गेली. जिभेला हाड नसतं, आणि तिच्या जिभेला तर लगामही नव्हता. तो तिला ओलांडून गेला. परगावी कुठेतरी शिकवण्या घेतो, असं थोरलीला फोनवर कळतं. फोन थोरलीलाच येतो.

करारवाली एकदा येऊन गेली. तिची बदली झाली होती, तरी आली. अंगणात उभी राहून म्हणाली, "बाई, आता ते औषध कुणाच्याच मालकीचं नाही. कुणीही वापरू शकतं. तुम्हीसुद्धा."

"मग द्या की थोडं. मडकंभर पुरे. वाढवीन मी."

मुलगी अवघडली. "मुलाच्या प्रयोगशाळेतलं चौकशीत सील झालं, आणि सीलमध्येच मेलं. करार गेल्यावर कंपनीनेही बनवणं सोडून दिलं. एक नमुना सरकारी संग्रहात आहे. पण तो मान्यता असलेल्या प्रयोगशाळेलाच मिळतो. घरगुती कारखान्याला देत नाहीत."

"म्हणजे हक्क सगळ्यांचा, आणि वस्तू प्रयोगशाळावाल्यांची."

"हो," मुलगी म्हणाली. निदान तिने लपवलं तरी नाही.

पालथं घातलेलं मडकं अजून टाकीजवळ होतं. त्या दिवसापासून कुणी ते सरळ केलं नव्हतं. मुलगी गेल्यावर बाईने ते उचललं, आत बोट फिरवलं, हुंगलं. सुकलेल्या पिठाचा वास, बाकी काही नाही. एक दिवस पीठ घालून पाणी सोडूनही बघितलं. पाणी नुसतं आंबलं.

नदीपलीकडच्या मोठ्या गिरणीत प्रयोगशाळा होती. त्यांनी तो नमुना मागवला, आणि पावसाळा सरायच्या आत त्यांचे हौद थंड पाण्यावर चालायला लागले. ना परवानगी, ना हप्ता, फुकटातलं औषध. त्यांचं कापड इतकं स्वस्त झालं की बाईची जुनी गिऱ्हाइकंही आधी नजर चुकवत भेटायची, मग भेटेनाशी झाली.

एका सकाळी थोरली डबा भरून, चपला घालून उभी होती.

"कुठे?"

"गिरणीत. रंगखात्यात घेतलंय मला. एका हाताने होईल असं काम आहे, पाण्यावर नजर ठेवायची."

बाईच्या तोंडाशी पुष्कळ आलं. ज्या घरात सून म्हणून आलीस, ज्याने तुला... पण थोरलीची दोन वाकडी बोटं डब्याच्या कडीवर होती, आणि ती कडी नीट धरता येत नव्हती.

"तिथे भाजत तर नाही ना?"

"नाही आई. पाणी गारच असतं. धाकट्या भाऊजींचंच औषध."

"ठाऊक आहे कुणाचं ते. जा, उशीर होईल."

थोरली गेली. बाईने चूल पेटवली, कारण गाठोडं एक राहिलं होतं आणि कबूल केलेलं काम ती अडकवून ठेवत नसे. कापड उकळलं, रंगलं, बाहेर काढलं. एवढं लांब ओलं कापड पिळायला दोघी लागतात. एकीने इकडून पीळ द्यायचा, एकीने तिकडून. बाईने एक टोक खुंटीला बांधलं आणि दुसरं दोन्ही हातांनी वळायला लागली. खुंटी भिंतीतून सुटून आली. कापड मातीत पडलं, आणि बाई तिथेच त्याच्यावर हात टेकून बसली. उठायला कुणाचा तरी आधार लागेल हे कळूनही तिने कुणाला हाक मारली नाही.